कोटिंगने बोल्ट कसा तुटेल? त्या कमेंटला उत्तर

कमेंटबद्दल थँक्स, उत्तराला जरा उशीर झाला. माझी पोस्ट होती हायड्रोजन एम्ब्रिटलमेंटवर, म्हणजे हायड्रोजन आत शिरून स्टील ठिसूळ होतं आणि बोल्ट अचानक तुटतो त्यावर. तुमचे आक्षेप दोन: कोटिंग असतंच गंजापासून वाचवायला, मग त्यानेच बोल्ट तुटतो हे मी उलटंच लिहिलंय, आणि ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील तर हायड्रोजनच्या पाइपिंगला सर्रास वापरतात, मग स्टेनलेस ठिसूळ होतं हे मी कुठून काढलं.

दुसरं आधी घेतो, कारण तिथे चूक माझीच आहे. सरसकट 'स्टेनलेस' लिहून मोकळा झालो. ३१६ ऑस्टेनिटिक (स्टीलच्या अंतर्गत रचनेचा एक प्रकार), त्यात हायड्रोजन गोगलगायीच्या चालीने सरकतो. माझ्या डोक्यात होतं १७-४ पीएच, हा स्टेनलेसचाच दुसरा ग्रेड, तेही एच९०० कंडिशनचं, म्हणजे ४८२ अंशांना एजिंग करून (तापवून कडक करून) ४० एचआरसीच्या (रॉकवेल कडकपणाच्या) आसपास नेलेलं. ते मार्टेन्सिटिक, म्हणजे कडक रचनेचं, आणि हायड्रोजनने ठिसूळ होतं ते हे. तोच ग्रेड एच११५० केला (एजिंग आणखी जास्त तापमानाला केलं) की नरम पडतो आणि बरंच सोसतो. (३०४ या ऑस्टेनिटिक ग्रेडला कोल्ड वर्क केलं, म्हणजे न तापवता वाकवलं-ओढलं, की त्यातही मार्टेन्साइट तयार होतं, तेव्हा ऑस्टेनिटिक आहे म्हणून अगदीच निर्धास्त राहू नका.)

कोटिंगच्या मुद्द्यावर मात्र मी ठाम आहे. हायड्रोजन बाहेर असेल तर कोटिंग त्याला अडवतं, पण ॲसिड पिकलिंगमध्ये (ॲसिडने पृष्ठभाग साफ करताना) आणि प्लेटिंगच्या टाकीत तो आधीच आत शिरलेला असेल तर तेच कोटिंग त्याला आत कोंडून ठेवतं, कॅडमियमचा घट्ट थर तर फारच. बोल्ट टाइट करताना काही होत नाही, टॉर्क बरोबर, सगळं ओके, आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर डोकं तुटून खाली पडलेलं, तुटल्या जागी ताण घेऊन लांबल्याची खूण नाही, नुसता दाणेदार पृष्ठभाग. म्हणूनच प्लेटिंगनंतर शक्यतो ४ तासांच्या आत १९० ते २२० अंशांवर बेकिंग (तापवून हायड्रोजन बाहेर काढणं) सुरू करतात, आणि ते तासाभरात उरकायचं काम नाही, कडक स्टीलला २० तासांच्या वरही जातं. हायड्रोजन निघून गेला की लोखंड सावरतं हे जॉन्सन नावाच्या संशोधकाने १८७५ मध्येच लिहून ठेवलंय, त्याने ॲसिडमधून काढलेली तार मोडून तुटलेलं टोक ओलं केलं तर बुडबुडे आले!

आणि ओरखडा पडला तर? झिंकचं कोटिंग स्वतः झिजून स्टीलला गंजू देत नाही, बरोबर, पण त्या उघड्या जागी हायड्रोजन स्टीलवरच तयार होतो. गंज नाही म्हणून आपण खूश, आणि आत वेगळंच चाललेलं.

पोस्टमध्ये ग्रेड आणि कंडिशन आज टाकतो. कोटिंगचा पॅरा तसाच ठेवतोय.