सुईत रक्त आलं म्हणजे मुका मारच असं नाही

घोड्यांच्या गाठींवरच्या एका लेखातला ‘सुईने ओढल्यावर रक्त आलं तर मुक्या माराची गाठ समजा, चीर देऊन रिकामी करा’ हा सल्ला धोक्याचा आहे. हिमॅन्जिओसार्कोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या कॅन्सरच्या गाठीतूनही सुईत बहुतेक वेळा नुसतं रक्तच येतं. मुका मार हळूहळू आटतो. कॅन्सरची गाठ उपसली तरी पुन्हा भरते, वाढत जाते. तीन वर्षांखालच्या घोड्यांत ती बऱ्याचदा पायाच्या सांध्याजवळ दिसते, म्हणून लाथ लागली असेल म्हणून सोडून देतात. अशा गाठीला चीर दिली तर रक्त थांबता थांबत नाही.

म्हणून आधी हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) बघा, मगच बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी गाठीचे तुकडे काढणं. तुकडे कडेच्या घट्ट भागातून, दोन-तीन ठिकाणचे घ्या. मधून घेतले तर गुठळीच मिळते आणि रिपोर्टही ‘रक्ताची गाठ’ असाच येतो. तुकडा सेंटिमीटरपेक्षा जाड नको, तुकड्याच्या दहापट १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवायच्या द्रावणात) ठेवा, बर्फात गोठवू नका. शंका उरली तर सीडी३१ ही रक्तवाहिन्यांच्या पेशी ओळखणारी तपासणी सांगा. गाठ एकाच जागी असेल तर पूर्ण काढून शिंगरू वाचू शकतं. फुप्फुसात पसरली की फारसं काही हातात राहत नाही. अकलूजच्या घोडेबाजारात शिंगरू घेणाऱ्यांनी पायाची सूज दाबून बघावी, ‘मार लागलाय’ यावर जाऊ नये.