प्रेशर किती उतरवायचं?
एका लेखात वाचलं, कानाच्या ऑपरेशनमध्ये बीपी जितकं कमी तितकं सर्जनला सोयीचं. सर्जनचं खरं आहे. मधल्या कानातलं स्टेपीज हे हाड जेमतेम 3 मिलिमीटरचं, मायक्रोस्कोपखाली रक्ताचा एक थेंबही डबक्याएवढा दिसतो. "भूलवाले, जरा प्रेशर खाली घ्या की!" हे वाक्य मी वीस वर्षं ऐकतोय. पण आतल्या कानाची बाजू लेखात राहूनच गेली.

कॉक्लियाला, म्हणजे आतल्या कानातल्या ऐकण्याच्या शंखाला, रक्त येतं ते जवळपास एकाच बारीक धमनीतून, लॅबिरिंथाइन आर्टरीतून. ती अडली तर शेजारून पर्यायी वाट नाही. आणि आतला स्ट्रिया व्हॅस्क्युलॅरिस हा पट्टा ऑक्सिजनचा मोठा खादाड. सुमारे 80 मिलिव्होल्टचा विद्युतदाब तो सतत टिकवतो, त्यावरच ऐकण्याच्या पेशी चालतात. प्रेशर थोडं उतरलं तर तिथल्या रक्तवाहिन्या सांभाळून घेतात. फार उतरलं की प्रवाहही उतरतो.

अजून एक. बीपी मोजायचा पट्टा दंडावर असतो, डोकं मात्र आपण उंच केलेलं. कान 10 सेंटिमीटर वर असेल तर तिथला दाब स्क्रीनवरच्या आकड्यापेक्षा 7-8 ने कमी. म्हणजे मीन (सरासरी) प्रेशर 60 दिसतंय तेव्हा कानाशी बावन्न-त्रेपन्नच! जुना बीपीवाला किंवा मधुमेही पेशंट असेल तर प्रेशर आणखी उतरवायला मी सरळ नाही म्हणतो. रक्त थांबवायला अ‍ॅड्रिनॅलिनचा कापूस ठेवा, दोन मिनिटं थांबा. सर्जन कुरकुरतात, थांबतात मात्र.