तोलामोलाचं कॉलेज

सर्वप्रथम तुमचं सांत्वन. बारावीला चांगले मार्क पडूनही तुमच्या मुलीला डॉक्टर व्हायचं नाही, इंजिनिअर व्हायचं नाही, ती म्हणते मला प्युअर सायन्स करायचंय. चांगल्या घरांतही होतं असं. नातेवाइकांना एवढ्यात काही कळवू नका. कुणी विचारलंच तर 'राउंड चालू आहेत' म्हणायचं. या वाक्यावर दिवाळीपर्यंत आरामात निभावतं.

आता कॉलेज. तुम्हाला हवंय असं कॉलेज, की जिथे सहसा कुणाला प्रवेश मिळत नाही, पण तुमच्या मुलीला मिळतो. लाजू नका, सगळ्यांनाच ते हवं असतं. स्थळ बघताना आपण 'तोलामोलाचं' म्हणतो ते याच अर्थाने. त्यांनी चार जणांना नकार दिलेला असावा आणि आपल्याला होकार द्यावा. त्या चारांत साडूचा मुलगा असेल तर दुधात साखर.

असं कॉलेज ओळखायचं कसं? कटऑफवरून. विज्ञानाचा दर्जा मोजायला एवढं एकच उपकरण पुरेसं आहे, आणि त्याला कॅलिब्रेशनही लागत नाही. मागच्या तीन वर्षांचे कटऑफ वहीत उतरवून काढा, आलेख काढा. तो काढताना एक गोष्ट तुमच्या नजरेला येईल. बऱ्याच कॉलेजांत बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सची यादी लवकर भरते आणि फिजिक्सची शेवटच्या राउंडलाही उघडी असते. यावरून काढायचा निष्कर्ष उघड आहे: फिजिक्स सोपं असतं. ज्या विषयाच्या जागा रिकाम्या, त्यात शिकण्यासारखं काही नसणारच. गर्दीच्या डॉक्टरकडे जाणारी माणसं आपण. रिकाम्या दवाखान्यात आपला जीव घाबरतो.

कटऑफनंतर इमारत. दगडी हवी. छत उंच हवं, जिन्याच्या कठड्याचं लाकूड गुळगुळीत झालेलं हवं. विल्सन १८३२ चं, फर्ग्युसन १८८५ चं, एस. पी. १९१६ चं, सांगलीचं विलिंग्डन १९१९ चं. रुईया १९३७ चं, म्हणजे त्या मानाने पोरच. इमारत जितकी जुनी तितकं विज्ञान मुरलेलं, लोणच्यासारखं. मुंबईत काळ्या घोड्याजवळच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये तर होमी भाभा शिकले होते. तेव्हा बाक तेच आहेत ना, एवढी खात्री करून घ्या. भाभांना कोणी शिकवलं आणि आज तिथे कोण शिकवतं, असले फाटे फोडू नका.

आयसरला, म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थांना, मात्र सुरुवातीलाच फुली मारा. पुणे आणि कोलकात्याच्या आयसर २००६ साली सुरू झाल्या, पुढच्या दहा वर्षांत मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती, बेरहामपूर अशी भर पडून सात झाल्या. वीस वर्षांच्या संस्थेत कसली आली परंपरा? गेटवरचं गुलमोहराचं झाडसुद्धा अजून धड सावली देत नसेल. शिवाय नातेवाइकांना समजावून सांगताना दमछाक होते. मुलगी आयसर तिरुपतीला गेली म्हटलं की आत्या विचारते, दर्शनाची काही सोय होईल का गं?

प्रवेश परीक्षाही विचित्र. तीन तासांत ६० प्रश्न. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी प्रत्येकी १५. तुमच्या मुलीने अकरावीत बायोलॉजी सोडून 'स्कोअरिंग' म्हणून आयटी घेतलं होतं, तेही तुमच्याच सांगण्यावरून, हे आत्ता आठवलं असेल. असू दे. क्लासच्या सरांना विचारा. ते म्हणतील, वेगळा अभ्यास कशाला, जेईई करणाऱ्याला ही परीक्षा डाव्या हातचा मळ. सरांचा क्लास जेईईचा आहे, त्यामुळे त्यांचं मत निःपक्षपाती धरायला हरकत नाही.

नेस्ट नावाची आणखी एक परीक्षा असते. तिच्यातून भुवनेश्वरच्या नायसर या विज्ञान संस्थेत जाता येतं, नाहीतर आपल्याच मुंबईत, कलिन्याला, मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभागाने २००७ मध्ये मिळून काढलेल्या सेंटर फॉर एक्सलन्स इन बेसिक सायन्सेसमध्ये. पाच वर्षांत थेट एमएस्सी, साठाच्या आत मुलं, टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि भाभा अणुसंशोधन केंद्रातली माणसं येऊन शिकवतात. आता मला सांगा, सांताक्रुझला उतरून रिक्षावाल्याला हे नाव सांगितलंत तर तो नेईल का? मग? ज्या संस्थेचं नाव रिक्षावाल्याला, सोसायटीच्या सेक्रेटरीला आणि साडूला माहीत नाही, तिथे मुलीला घालून मिळवायचं काय?

निवडक संस्था म्हणजे काय चीज असते, हे कमला भागवतांकडून समजून घ्यावं. दुर्गाबाईंच्या भगिनी, पुढच्या जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी. १९३३ साली त्या मुंबई विद्यापीठात बीएस्सीला पहिल्या आल्या आणि बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सकडे अर्ज केला. वडील आणि काका दोघेही तिथलेच माजी विद्यार्थी, म्हणजे आजच्या भाषेत ओळखही भक्कम. तरी संचालक सी. व्ही. रामन यांनी नकार दिला, मुलगी आहे म्हणून. बाई हटून बसल्या, तेव्हा एका वर्षाच्या अटीवर घेतलं. पुढे १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. आणि नंतर मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचं संचालकपद, हे सगळं खरं असलं तरी तुम्ही तिकडे लक्ष देऊ नका. हट्ट नावाचा रकाना आताच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये नसतो. त्यात फक्त कॅटेगरी आणि बँकेचा आयएफएससी कोड विचारतात.

आता रँकिंगकडे वळू. केंद्र सरकारची एनआयआरएफ यादी दरवर्षी लागते. तिच्यात शिक्षण, संशोधन, निकाल, सर्वसमावेशकता अशा चार गोष्टी मोजतात आणि पाचवी म्हणजे 'परसेप्शन', लोकांचं काय मत आहे ते. हिला शंभरातले दहाच मार्क असतात हा अन्याय आहे, कारण आपली सगळी निवड याच पाचव्या गोष्टीवर चालते. लोक चांगलं म्हणतात म्हणून क्रमांक वर, क्रमांक वर म्हणून लोक चांगलं म्हणतात. अशा यंत्राला विज्ञानात मान्यता नसली तरी प्रवेशप्रक्रियेत आहे. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची श्रेणीही बघा; कमानीवर ए प्लस प्लस लिहिलेलं असतं, तिथे प्लस मोजा.

प्रत्यक्ष भेटीला गेलात की काउंटरवर जे विचारायचं ते विचारा. वातानुकूलित सभागृह आहे का? फेस्टला कोण कोण येतं? प्लेसमेंट किती? फिजिक्सच्या मुलीला प्लेसमेंट कुठलं, असं मनात आणू नका. माहितीपुस्तिकेत 'शंभर टक्के प्लेसमेंट साहाय्य' लिहिलेलं असतं, त्यातला शेवटचा शब्द डोळे मिटून वाचावा.

एक प्रश्न मात्र चुकूनही विचारायचा नाही. विभागात मंजूर पदं किती, त्यातली भरलेली किती, आणि उरलेले तास कोण घेतं? हा प्रश्न विचारणाऱ्या पालकाकडे काउंटरवरची बाई ज्या नजरेने बघते ती मी अनुभवली आहे. उत्तर असतं, तासिका तत्त्वावर. म्हणजे नेट-सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा झालेले, पुष्कळदा पीएच.डी. असलेले एक सर सकाळी एका कॉलेजात थर्मोडायनॅमिक्स घेतात, दुपारी बस पकडून दुसऱ्या कॉलेजात ऑप्टिक्स घेतात, आणि सुट्टीत तास नाहीत म्हणून त्यांना पैसे नाहीत. कोण जाणे, तुमची मुलगी फिजिक्समध्ये टिकली तर ती या सरांमुळेच टिकेल. पण त्यांचं नाव पुस्तिकेत छापण्याची पद्धत नाही. छापायला घेईपर्यंत ते बदललेले असतात, आणि पुस्तिका गुळगुळीत कागदावर असते, खर्च येतो.

प्रयोगशाळा बघायचीच असेल तर दारातून बघा. उपकरणांवर स्वच्छ कव्हरं असली, टेबलावर एकही डाग नसला, काचेच्या कपाटाची चावी विभागप्रमुखांकडे असली आणि विभागप्रमुख मीटिंगला गेले असले, तर समजा विज्ञानाचा विभाग सुदृढ आहे. टेबलं ॲसिडने जळालेली, स्टूल झिजलेली, फळ्यावर कुणाचं तरी अर्धवट गणित आणि खाली 'पुसू नये' असं लिहिलेलं दिसलं, तर मागे फिरा. तिथे मुलं उपकरणांना हात लावतात. वस्तू खराब होतात अशाने.

आमच्या वेळी असलं काही चालत नसे. (कॉलेजचं नाव सांगत नाही, आमचे सर अजून ठणठणीत आहेत आणि सगळं वाचतात.) पाच जणांत एक स्पेक्ट्रोमीटर. एक जण रीडिंग घ्यायचा, एक लिहून घ्यायचा, तिघे दाराकडे लक्ष ठेवायचे. लंबकाच्या प्रयोगात मी 'जी'ची किंमत हमखास ९.८ आणत असे, कारण मी उत्तर आधी लिहायचो आणि त्यावरून उलटं गणित करून आंदोलनांची वेळ काढायचो. जर्नलवर सर दहापैकी दहा देऊन सही करत. आमच्यातल्या एकाचंच उत्तर ९.४ आलं. खरोखर लंबक हलवून, खरोखर घड्याळ लावून आलं होतं. त्याला लाल शाईने 'रिपीट' मिळालं. त्याने ते तीन दिवस रिपीट केलं, दोऱ्याची लांबी चुकीच्या जागेपासून मोजतोय हे शोधून काढलं, आणि ते सांगायला सरांकडे गेला तर सर म्हणाले, जर्नल जमा करायची तारीख गेली. आमच्या बॅचमधून विज्ञानात तेवढा एकच गेला. बाकीचे आम्ही बँकेत. आमच्या बॅलन्सशीट फार सुंदर जुळतात.

दोन गोष्टी मुलीपासून लपवून ठेवा. पहिली, केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती. बारावीला बोर्डात वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञान घेणाऱ्या मुलांना वर्षाला ८० हजार रुपयांची, त्यातले २० हजार उन्हाळ्यात एखाद्या शास्त्रज्ञाकडे प्रकल्प करण्यासाठी. मुलीच्या स्वतःच्या खात्यात ऐंशी हजार आले की तिला स्वतःची मतंही येतात. दुसरी, मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा उपक्रम आणि देशातल्या तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप. यातून कुठल्यातरी तालुक्याच्या कॉलेजातली, दगडी कमान नसलेल्या कॉलेजातली मुलंही अर्ज करून थेट मोठ्या प्रयोगशाळेत जाऊन बसू शकतात. मग तुम्ही इतके कटऑफ वहीत उतरवले ते कशासाठी?

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण लोकांना बघायला खुली करतात. तीस अँटेना, एकेक ४५ मीटर व्यासाची. तिकडेही मुलीला नेऊ नका. नेलंच तर नारायणगावात मिसळ खा आणि 'आज फार गर्दी आहे' म्हणून परत फिरा. तिथे शाळकरी पोरांनी बनवलेले प्रयोग मांडलेले असतात आणि ती पोरं उत्साहाने आपल्याला समजावून सांगायला लागतात. मोठ्या माणसाला फार अवघडल्यासारखं होतं.

यादी तीन भागांत करायची असते. एक स्वप्नातलं, एक आवाक्यातलं, एक 'असू दे'. 'असू दे'मध्ये घरापासून दोन किलोमीटरवरचं कॉलेज टाका. तिथले केमिस्ट्रीचे सर संध्याकाळी सातपर्यंत लॅब उघडी ठेवतात अशी वदंता आहे, पण कटऑफ पंचावन्नवर उतरतो, त्यामुळे विषय संपला. यादी पूर्ण झाली की मुलीला दाखवा. तिची सही लागते.

आणि भेटीच्या दिवशी गेटवरचा फोटो विसरू नका. कमानीवरचं साल दिसलं पाहिजे. मुलगी कुठे गेली? ती तिकडे फिजिक्सच्या लॅबमध्ये शिरलीय. लॅबच्या मामांनी तिच्यासाठी कव्हर काढून न्यूटन्स रिंग्जची मांडणी लावून दिलीय. सोडियमचा दिवा आत्ताच चालू केलाय, अजून गुलाबीच आहे, पिवळा व्हायला वेळ लागतो म्हणतायत मामा. ती म्हणते, थांबते. तुम्ही थांबू नका. कमानीवर ऊन छान आलंय, फोटो तुमचा एकट्याचा काढून घ्या.