दोन बोल्टांवर दातपट्टी तगते का? प्रतिक्रियेला उत्तर

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: ट्रॅक्टरच्या लोडरच्या बकेटला दातपट्टी (बकेटच्या पात्यावर, म्हणजे पुढच्या धारेवर, बसवायची दातांची पोलादी पट्टी) दोन टोकांच्या दोनच बोल्टांवर तगणार नाही, पहिल्या दगडालाच बोल्ट कातरतील. त्यापेक्षा कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेऊन पात्यालाच दात वेल्ड करून घ्यावेत, जेसीबीला असतातच की.

"दोन बोल्ट पुरे" एवढंच मागच्या लेखात लिहून मी पुढे सरकलो, का पुरे ते सांगितलं नाही. ती चूक माझी. खोदताना जोर बोल्टवर यायचाच नसतो. दाताच्या मागची खाच पात्याच्या कडेवर बसते आणि माती दाताला मागे रेटते तो जोर तिथूनच पात्यात जातो. ट्रॅक्टर मागे घेताना पट्टी निसटू नये, एवढंच बोल्टचं काम. पण खाचेत फट राहिली, तर तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. सगळा मार बोल्टवर येतो, भोक लांबट होतं, मग बोल्ट जातो.

म्हणून पट्टी बकेटच्या आतल्या रुंदीपेक्षा ४-५ मिमीच कमी घ्या. बकेट जमिनीवर सपाट टेकवा, लाकडी ठोकळा मध्ये धरून पट्टी दोन्ही टोकांना ठोकत आत बसवा, क्लॅम्प लावा आणि मगच पट्टीच्या भोकातून बकेटच्या बाजूच्या पत्र्यावर खूण करा. पातं घासून वाकडं झालं असेल तर मधले दात टेकत नाहीत; तिथे आधी पातळ पट्टी भरा. पत्र्यावरच्या खुणेचा मध्य १ मिमी मागे, बकेटच्या पाठीकडे, घेऊन भोक पाडलं, की बोल्ट ठोकताना तो पट्टीला आपोआप मागे ओढून आवळतो. ड्रिल आधी ५ मिमी, मग १०, शेवटी पाच सुती (५/८ इंची) बोल्टला बसेल एवढं. वेग कमी, तेल सोडत. गॅसने भोक पाडू नका, ते कधीच गोल येत नाही. बोल्ट ८.८ ग्रेडचा, आटे भोकात न येता सपाट दांडा येईल इतक्या लांबीचा, आणि नायलॉकचा (आत नायलॉनची कडी असलेला) नट. दोन तास काम झालं की नट पुन्हा आवळा.

आता वेल्डिंग. पात्याचं पोलाद कडक केलेलं असतं. थंड पात्यावर साध्या ६०१३ रॉडने टाका मारला, तर टाक्याशेजारचा भाग ठिसूळ होतो आणि चीर तिथूनच निघते. आधी पातं तापवून, कोरड्या ७०१८ रॉडने करणारे कारागीर आहेत, पण मग ते तासाभराचं काम राहत नाही. जेसीबीचं म्हणाल, तर मागच्या बकेटचे दातही बहुधा थेट पात्याला वेल्ड नसतात. पिन किंवा बोल्ट काढून ते बदलता येतात. शिवाय ते यंत्र सात टनांच्या वरचं. आपल्या ट्रॅक्टरच्या लोडरला कोपऱ्यातल्या एकाच दातावर दगड उचकटायला लावलात, तर बोल्टआधी लोडरचे हात पिळतील.

आजरा-शाहूवाडीकडचा जांभा, मुरूम किंवा खोडव्याची खोडकी उकरायची तर दात हवेतच. पण त्याच बकेटने शेणखत भरायचं, रान सपाट करायचं, तर दात नकोत. जमिनीवर चर पडतात. बोल्टची पट्टी दोन पान्ह्यांनी दहा मिनिटांत निघते. मात्र बोल्टांना ग्रीस लावलेलं असावं, नाहीतर पावसाळ्यानंतर ते ग्राइंडरनेच कापावे लागतात.