चिपळूणचा गाळही खरा, तापलेला समुद्रही खरा

नमस्कार. कोकण किनाऱ्यावरच्या बदलत्या हवामानाबद्दल मी लिहिलेल्या लेखावर तुम्ही गुहागरहून पाठवलेली प्रतिक्रिया सावकाश वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हिमयुगं आली-गेली तेव्हा कुठे गाड्या आणि कारखाने होते? 1948 सालीही मुंबईला तुफान आलं होतं. 2021 साली चिपळूण बुडालं ते वाशिष्ठी नदीतल्या गाळामुळे, आणि त्याला हवामान बदलाचं नाव देऊन माझ्यासारखे लोक पुढाऱ्यांना मोकळं सोडतात. धूर सोडला गोऱ्यांनी, आता शहाणपण शिकवतात आम्हाला. आणि शेवटी, एवढी घाई कसली?

चिपळूणपासूनच सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं बरंचसं बरोबर आहे. वाशिष्ठीचं पात्र गाळानं उथळ झालंय, वरच्या डोंगरांची झाडी गेली, पूररेषेच्या आत बांधकामं झाली, कोयनेचं वीज तयार करून झालेलं पाणी कोळकेवाडी धरणावरून याच नदीत येतं. यातलं काहीच मी नाकारत नाही. पण 22 जुलै 2021 च्या आसपासचा पाऊस आठवा. महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळपास 600 मिलिमीटर पाऊस पडला. महाड बुडालं, तळीये गावावर दरड आली. तळीयेच्या डोंगराचा वाशिष्ठीतल्या गाळाशी काय संबंध? हवा एका अंशानं तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते, हे भौतिकशास्त्र जुनं आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 साली दाखवून दिलं, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या, आणि त्यांना लागणारं बाष्प येतं ते अरबी समुद्रावरून. म्हणजे आपल्याच दारातून.

त्या एका पुरात गाळाचा वाटा किती आणि तापलेल्या हवेचा किती, यावर खुशाल वाद घाला. तो खरा वाद आहे. पण पुढाऱ्यांना मोकळं सोडण्याबद्दल तुम्ही जे म्हणता ते उलट आहे. ‘असा पाऊस कधी झालाच नव्हता, आम्ही तरी काय करणार’ म्हणणारा अधिकारी सुटतो तो कशाच्या जोरावर? हे सगळं निसर्गाच्या लहरीवर चालतं, या समजुतीच्या जोरावर. जुलै 2005 मध्ये चिपळूण बुडालेलं होतं, पाऊस आणखी जोरदार होणार हे शास्त्रज्ञ सांगत होते, तरी मधल्या सोळा वर्षांत नदीचा गाळ का निघाला नाही, असं विचारलं की त्याला पळायला जागा राहत नाही. पाऊस वाढणार हे मान्य केलं तर गाळाचा प्रश्न लहान होत नाही, दुप्पट मोठा होतो.

आता हिमयुगांचं. ती आली-गेली हे बरोबर, आणि का आली-गेली हेही माहीत आहे. पृथ्वीची कक्षा आणि आसाचा कल हजारो वर्षांच्या चक्रात बदलतो, त्यानं ऊन कुठे किती पडतं ते बदलतं. शेवटचं हिमयुग सरताना पृथ्वी सुमारे 5 अंशांनी तापायला जवळपास 10 हजार वर्षं लागली. आपण गेल्या दीडशे वर्षांत 1 अंशाच्या वर गेलोय, आणि तेही कक्षेच्या हिशेबानं पृथ्वी अगदी हळूहळू थंड होत जायला हवी अशा काळात. वणवे पूर्वी आपोआप लागायचे, म्हणून आज काडी टाकणारा निर्दोष ठरत नाही.

आणि काडी कोणाची, याचा पुरावा आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड कारखानदारीच्या आधी दहा लाख भागांत 280 होता. 1958 साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावर रोजची मोजणी सुरू केली तेव्हा 315 च्या आसपास होता, आता 420 च्या वर आहे. हा वाढीव कार्बन कोळसा-तेलातला, हे कशावरून? कार्बनचे वेगवेगळ्या वजनाचे प्रकार असतात. कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेल्या कोळशात त्यातला कार्बन-14 उरलेला नसतो आणि वनस्पतींपासून बनल्यामुळे कार्बन-13 कमी असतो. हवेतल्या कार्बनमधलं या दोहोंचं प्रमाण त्याच दिशेनं उतरलेलं आहे. सूर्याला दोष द्यायचा तर वातावरणाचे वरचे आणि खालचे दोन्ही थर तापायला हवे होते. प्रत्यक्षात खालचा तापतोय आणि वरचा, स्थितांबर, थंड होतोय. उष्णता खालीच अडकतेय याची ही खूण. उपग्रह 1978 पासून सूर्याचं तेज मोजताहेत, त्यात वाढ नाही.

हे गोऱ्यांचं आहे म्हणून सोडून द्यायचं असेल तर आपल्याच पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा 2020 चा अहवाल घ्या. 1901 ते 2018 मध्ये भारताचं सरासरी तापमान सुमारे 0.7 अंशांनी वाढलं, 1951 ते 2015 मध्ये उष्णकटिबंधातला हिंदी महासागर सुमारे 1 अंशानं तापला. समुद्राची हीच ऊब वादळांना बळ देते. 1948 चं तुफान खरंच आहे, पण 2019 या एका वर्षात अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली. एरवी वर्षाला एखाददुसरं व्हायचं. पाठोपाठ 3 जून 2020 ला निसर्ग, मे 2021 मध्ये तौक्ते. निसर्गनंतर श्रीवर्धनपासून केळशी-आंजर्ल्यापर्यंत सुपारीच्या वाड्या आडव्या झालेल्या तुम्हीही पाहिल्या असतील. सुपारीचं नवं रोप उत्पन्नाला यायला सहा-सात वर्षं जातात.

गोऱ्यांवरचा तुमचा राग मात्र मला पूर्ण पटतो. अमेरिकेत माणशी होणारं कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन आपल्या साधारण सातपट आहे. पण एकाच प्रतिक्रियेत तुम्ही दोन गोष्टी म्हणता: धुरानं हवामान बदलत नाही, आणि धूर त्यांनी सोडला म्हणून भोगावं त्यांनी. पहिलं खरं असेल तर ते आपलं काहीच देणं लागत नाहीत. 2022 साली इजिप्तमधल्या शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत हवामान बदलानं होणाऱ्या नुकसानासाठीचा निधी मान्य झाला, तो भारतासारख्या देशांनी धुराचा हिशेब मांडला म्हणून. आंजर्ल्याच्या वाडीवाल्याचं नुकसान मागायचं, तर त्याचं कारण ठामपणे सांगता आलं पाहिजे.

घाई कसली, याचं उत्तर बागायतदाराला मी सांगायला नको. आज लावलेलं हापूसचं कलम पन्नास वर्षांहून जास्त उभं राहणार. पाऊस नोव्हेंबरपर्यंत लांबतो, जमिनीतली ओल हटत नाही, झाडाला मोहोरासाठी लागणारा पाण्याचा ताण बसत नाही, आणि जिथे मोहोर यायचा तिथे तांबूस पालवी फुटते. मग एकाच झाडावर एका फांदीला उशिराचा मोहोर, दुसरीला कणी म्हणजे नुकती धरलेली बारीक फळं, तिसरीला पालवी. फवारणी नेमकी कोणासाठी करायची? त्यावर अवकाळी आला की थ्रीप्स आणि तुडतुडे या किडींवर केलेला खर्च धुऊन जातो. खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या जमिनीतल्या भातशेतीचंही तेच. बांध आणि उघाडी (बांधातली पाण्याची दारं) ज्या भरतीच्या हिशेबानं बांधली, तो समुद्र आता दरवर्षी तीन मिलिमीटरच्या वर चढतोय. ऐकायला किरकोळ वाटतं, पण उधाणाला खांड जाते, म्हणजे बांध फुटतो, ती त्या वरच्या चार बोटांमुळेच, आणि एकदा खारं पाणी आत आलं की त्या जमिनीत पुढची काही वर्षं भात नीट येत नाही. हवेत गेलेला कार्बन शेकडो वर्षं राहतो, म्हणून दहा वर्षं थांबून बघू, हे चालत नाही. त्या दहा वर्षांचा धूर परत घेता येत नाही.

तुम्ही लिहिलंय की तुमच्या वडिलांच्या वहीत मोहोर कधी आला, पहिली पेटी कधी गेली, अवकाळी कधी पडला, याच्या 1970 पासूनच्या नोंदी आहेत, आणि तेव्हाही अवकाळी होताच. ती वही जपा, आणि नुसती एखाद-दुसऱ्या वर्षाची नको, दहा-दहा वर्षांची बेरीज करून बघा. शक्य असेल तर तिच्या प्रती काढून दापोलीच्या कृषी विद्यापीठाला द्या. फळपीक विम्याचे निकष महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यांवर ठरतात. खाडीकाठच्या आणि कातळावरच्या बागेत एकाच रात्री किती फरक असतो हे तुम्हाला ठाऊक आहे, त्या केंद्राला नाही. पुढच्या ग्रामसभेत हा विषय मांडणार असाल तर कळवा, मी गुहागरला येतो. वहीतल्या नोंदी माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध निघाल्या, तर त्याही इथेच छापेन.