‘पन्हाळ्यावर तोफा डागणाऱ्यांचं कौतुक कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

मुंबई बेटाच्या सुरुवातीच्या कारभारावर मी जो लेख लिहिला, त्याखाली तुम्ही म्हणता की पन्हाळ्यावर तोफा डागणाऱ्या इंग्रजांच्या न्यायालयांचं आणि करारांचं कौतुक कोल्हापूरच्या माणसाने करावं, हे दुर्दैव आहे. तुमच्या मते मुंबई त्यांनी बंदुकीच्या धाकावर चालवली, बाकी सगळा देखावा. तुम्ही तळमळीने लिहिलंय, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

पन्हाळ्याबद्दल वादच नाही. १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा पडलेला असताना इंग्रजांच्या राजापूरच्या वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन तोफा घेऊन आला आणि त्याने गडावर मारा केला. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूरवर छापा घालून त्याला साथीदारांसकट कैद केलं. हे विसरून मी एक ओळही लिहिलेली नाही.

पण मुंबईत बंदुकीचा धाक दाखवायला होतं कोण? १६६१ मध्ये पोर्तुगीज राजकन्येशी झालेल्या लग्नाच्या तहात बेट इंग्लंडच्या राजाला मिळालं, तरी पोर्तुगीज ते सोडेनात. ताबा घ्यायला आलेली फौज कारवारजवळच्या अंजदीव बेटावर अडकली आणि तिथेच रोगराईने बहुतेक माणसं गेली, सेनापती शिपमनसुद्धा. फेब्रुवारी १६६५ मध्ये हम्फ्री कुकने ताबा घेतला, तेव्हा त्याच्याजवळ शंभराच्या आसपास शिपाई उरले होते. राजाला हे बेट परवडेना. १६६८ मध्ये त्याने ते वर्षाला १० पौंड खंडावर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. एका बाजूला साष्टीत पोर्तुगीज, दुसरीकडे जंजिऱ्याचा सिद्दी, आणि १६७३ मध्ये तर डच आरमार समोर येऊन ठाकलं. अशा जागी धाकावर कारभार चालत नाही, तिथे माणसं राखावी लागतात.

कंपनीचा मुंबईचा गव्हर्नर जेरल्ड ऑन्जियर याने नेमकं तेच केलं. जुन्या जमीनदारांच्या जमिनींवरून भांडण पेटलं होतं. त्याने तडजोड केली : सगळ्यांनी मिळून वर्षाला २०,००० अशर्फी भरायच्या आणि जमिनी आपापल्या नावावर ठेवायच्या. पाठोपाठ भंडाऱ्यांची पलटण उभी राहिली. व्यापाऱ्यांना आणण्यासाठी तर अटी मान्य कराव्या लागल्या. दीवचा वाणी निमा पारख याचा १६७७ चा करार बघा. आमचा धर्म आम्हाला पाळू द्या, आमच्या आवारात जनावर मारायचं नाही, आमच्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्याला धरायचं नाही, जबरदस्तीने ओझी वाहायला लावायचं नाही, आपसातले तंटे आम्हीच मिटवू. नवी पेठ वसवताना कौल, म्हणजे सवलतींचा लेखी शब्द, देण्याची रीत आपल्याकडे जुनीच. शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली तेव्हाही व्यापाऱ्यांना सवलती देऊनच बोलावलं होतं. निमा पारखने कंपनीकडून घेतला तो असाच कौल. यात मला ऑन्जियरपेक्षा निमा पारखचं कौतुक जास्त वाटतं, आणि ते मी पुन्हा करीन.

न्यायालयाबद्दल तुम्ही अर्धं बरोबर आहात. १६७० मध्ये बेटाचे मुंबई आणि माहीम असे दोन भाग करून दोन कचेऱ्या बसवल्या. पाच-पाच न्यायाधीश, त्यांत काही इथलेही, पण अध्यक्ष कोण, तर जकात अधिकारी! म्हणजे सकाळी ज्याने तुमच्या मालावर जकात बसवली, त्याच्याच पुढे दुपारी फिर्याद घेऊन उभं राहायचं. १६७२ मध्ये जॉर्ज विलकॉक्सला न्यायाधीश नेमून वेगळं न्यायालय काढलं, पंच म्हणजे ज्युरी बसवली. ही सुधारणा खरी होती, पण दहा-अकरा वर्षांतच ती मोडली.

आणि ती कशाने मोडली, यातच तुमच्या बंदुकीचं उत्तर आहे. लंडनच्या संचालकांनी खर्च कापायचा म्हणून शिपायांच्या पगाराला हात घातला. २७ डिसेंबर १६८३ ला मुंबईतल्या शिपायांचा प्रमुख कॅप्टन रिचर्ड केग्विन याने कंपनीच्याच डेप्युटी गव्हर्नराला, चार्ल्स वॉर्डला, अटक केली आणि राजाच्या नावाने जवळजवळ ११ महिने बेट चालवलं. त्याने संभाजी महाराजांशीही करार केला. म्हणजे त्या वर्षांत मुंबईतल्या बंदुकांनी सगळ्यात मोठा दणका दिला तो कंपनीच्याच डेप्युटी गव्हर्नराला.

तुमचा राग मात्र मला अनाठायी वाटत नाही, फक्त तो चुकीच्या जागी लागलाय. निमा पारखच्या करारातली ओझ्याची अट पुन्हा वाचा. वाण्यांना वेठीला धरायचं नाही असं लिहून घ्यावं लागलं, याचा अर्थ बेटावर वेठ चालू होती आणि ज्यांच्याकडे कंपनीला हवा तसा पैसा नव्हता, त्यांच्या पाठीवर ती ओझी येत होती. त्यांच्याशी कुणी करार केला नाही. ऑन्जियरच्या कारभारावर बोट ठेवायचं तर इथे ठेवा, मी तुमच्या बाजूने लिहीन.