लग्न झाले नाही, म्हणून शेवट वाईट?

२०२२ साली संपलेल्या ‘ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वन’ या कोरियन मालिकेचा विषय निघाला की ‘शेवटाने सगळी माती केली’ हे वाक्य आजही ऐकावे लागते, आणि दर वेळी माझा संताप होतो. आर्थिक संकटात घर उद्ध्वस्त झालेला बेक यी-जिन पुढे वार्ताहर होतो, ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कहून दुःखाच्याच बातम्या देत राहतो, आणि इकडे त्याची प्रेयसी ना ही-दो त्याची वाट पाहून थकते. हे अंतर किती सावकाश, किती प्रामाणिकपणे वाढत गेले आहे! बसथांब्यावरच्या त्या दोघांच्या निरोपाने मीही दोन दिवस अस्वस्थ होते. पण रडू आले म्हणजे लेखिकेने फसवले, असे कसे म्हणता येईल? लग्न झाले नाही एवढ्यावरून सोळा भागांतले प्रेम खोटे ठरवणाऱ्यांनी ती मालिका नेमकी कशी पाहिली, हेच मला कळत नाही.